पहिल्या पाण्याची कळशी

"हलद लागली गो, हलद लागली... मालूच्या गालाला हलद लागली..."

म्हाताऱ्या धवलारणीचा तो आवाज शकूच्या कानात अजून आहे. चिरका, थकलेला, पण गोड. दुसऱ्यांच्या लग्नात गाऊन गाऊन झिजलेला आवाज.

मांडवातल्या बायकांचे हात थांबले.

कारण पाटावर हळद लावून बसलेली नवरी मालू नव्हती. शकू होती.

मालू ही जगनची पहिली बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

म्हातारीनं जीभ चावली. "चुकलं गो बाय माजं. मालूच्या हलदीला बी मीच गायले होते मागल्या टायमाला. जीभ आपली जुन्या वाटंनं गेली."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. कुणीतरी पदरात तोंड घालून हसलं. आणि जगनची आई, ठमाबाई, शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मालूच्या बी कानावर पडू दे."

शकूच्या बापाची मांडव घालायची ऐपत नव्हती, म्हणून हळद आणि लग्न दोन्ही जगनच्याच दारात लागत होतं. शकूनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

तो जमिनीकडं बघत होता.

पण... त्याचे डोळे भरले होते.

हळद शकूच्या अंगाला, आणि डोळे दुसरीसाठी भरलेले.

तिथूनच सुरू झालं सगळं.

ही गोष्ट कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण यातलं काही रचलेलं नाही. जिच्यावर बेतलं, तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ही हकीकत आहे. सांगतानाही ती नळाकडं पाठ करून बसली नाही.

साल २००८. मे महिना. नवीन पनवेलच्या सेक्टरांना चिकटलेलं एक जुनं गाव. तिथल्या अंगणात उभं राहिलं की इमारतींच्या टाक्या दिसतात, आणि इमारतींच्या खिडकीतून बघितलं की गावातली कौलं.

आणि वेळ रात्रीची नव्हती. घुबड नव्हतं, अमावास्या नव्हती. हे घडलं भर दुपारी. पावणेतीनला.

कारण पाणी पावणेतीनला यायचं.

दिवसाआड, चाळीस मिनिटं.

*

शकू उरणकडची. बाप मिठागरावर राबणारा. चहूकडं पाणीच पाणी, पण खारं. गोड्या पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन अर्धा कोस जायचं, तेव्हा कुठं घोटभर पाणी घशाखाली. त्यामुळं पनवेलचं स्थळ आलं तेव्हा आई हरखून म्हणाली होती, "बिजवर असला म्हनून काय झालं? घरात नळ हाय, नळ!"

नळ होता. पितळी, ठसठशीत, मोरीच्या भिंतीत बसवलेला. जगन नळाची कामं करायचा, सेक्टरांत नव्या बिल्डिंगा उठत होत्या तिथं. आळीत पहिला नळ त्यानंच घेतला होता म्हणे.

पण त्या घरात प्रत्येक गोष्टीवर आधीच कुणाचा तरी हात फिरलेला होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं शकूच्या गळ्यात काळ्या दोऱ्यातला चांदीचा टाक बांधला. नखाएवढा. त्यावर बाईची आकृती. सवतीचा टाक. दुसरेपणाच्या बायकोनं तो घालायचा, म्हणजे गेलेली नांदू देते, अशी त्यांच्यातली रीत.

"नवं लुगडं आधी टाकाला लाव, मंग नेस. पयला घास तिला काढ. आनि नळाला पानी आलं का पयली कळशी तिची." ठमाबाईनं बजावलं. "तहानलेली गेली गो पोर. लय तहानलेली गेली."

"कशानं गेल्या त्या?" शकूनं विचारलं होतं.

"ताप," ठमाबाई म्हणाली, आणि उठून गेली.

कळशीसुद्धा मालूचीच. तांब्याची. गळ्याशी ठोक्या-ठोक्यांनी नाव कोरलेलं... 'सौ. मालू जगन'.

शकू ते नाव रोज चिंचेनं घासायची. चकचकीत करायची. घासून घासून कधीतरी पुसलं जाईल, असं तिला वाटायचं.

नाव मात्र आणखीच उजळायचं.

आणि जगन? जगन वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. पण एक गोष्ट होती. तो घरचं पाणी पीत नसे.

बाटली बाहेरून भरून आणायचा. जेवताना शकूनं तांब्या पुढं केला की म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. तहान नाय." तिनं हौसेनं वाळा घालून ठेवलेला माठ तसाच राहायचा.

मोरीत कळशी दिसली की मात्र तो थबकायचा. बघत राहायचा.

शकूनं आपल्या मनाशी हिशेब जुळवला. ह्यानं तिच्या नावानं पाणी सोडलंय. तिच्या हातचं प्यायचा, आता कुणाच्याच हातचं पिणार नाही.

जिवंत बाईशी भांडता येतं. तिच्या झिंज्या धरता येतात, चारचौघांत तिचं काढता येतं. मेलेलीशी काय भांडणार? ती ना म्हातारी होते, ना चुकते, ना तिच्या हातचं मीठ कधी जास्त पडतं.

शकूला दिवस गेले, तेव्हा तिला वाटलं, आता तरी. आता तरी तो माझ्या हातून घोटभर पाणी पिईल.

तिनं सांगितलं तेव्हा जगनचा चेहरा पांढरा पडला.

"अवो, आनंद नाय झाला तुमाला?"

"झाला," तो म्हणाला. आणि मोरीकडं बघत राहिला.

*

मे महिन्यात ठमाबाई करंज्याला लेकीकडं गेली. लेकीच्या घरचं लग्न होतं, महिनाभर येणार नव्हती. जगन सकाळी आठला जायचा तो संध्याकाळी यायचा. दुपारी घरात शकू एकटी.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

त्यांच्या नळाला पहिली पाच-सात मिनिटं पाणी पिवळं यायचं. वास यायचा. ठमाबाई ते वाहू द्यायची, नितळ झालं की मग मालूची कळशी भरायची, त्यानंतर घरचे हंडे. पहिलं म्हणजे पहिलं चांगलं पाणी, हे न सांगता ठरलेलं होतं.

त्या दिवशी, सासू नसताना, शकू नळापुढं बसली. डोक्यात सकाळचं भांडण होतं. भांडण तरी कसलं... तिनं विचारलं होतं, "मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं?" आणि जगन काहीच बोलला नव्हता. तिच्या मनात लगेच आलं, ह्याच्या तोंडात तेच नाव आहे, म्हणून बोलत नाही.

पावणेतीन.

नळ फुसफुसला. मग खाकरला. मग पाणी आलं.

पिवळं. वर तवंग. नाकाला पदर लावावा असा वास.

शकूनं कळशी ओढली आणि नळाखाली लावली.

"पयलं पायजे ना तुला? सगळं पयलं तुझंच ना? घे. पी पयलं."

कळशी गळ्यापर्यंत भरली. कोरलेल्या नावावरून एक पिवळा ओघळ उतरला. तिनं झाकण ठेवलं आणि कळशी देवळीखाली, नेहमीच्या जागी ठेवली. मग नितळ पाणी आल्यावर आपले हंडे भरले.

तिला इतकं बरं वाटलं, की ती लग्नानंतर पहिल्यांदा गुणगुणली.

एक दिवस गेला. पुन्हा पाण्याचा वार आला.

तिनं कळशी ओतून टाकायला उचलली...

हलकी लागली.

झाकण काढलं.

आत थेंब नव्हता.

कळशी गळकी नव्हती. खाली जमीन कोरडी खट्ट. तळाशी मात्र गाळाचा पातळ थर होता, वाळून भेगाळलेला. पाणी सांडलं नव्हतं. कुणीतरी शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं होतं.

"उन्हाळा हाय," शकू स्वतःशीच म्हणाली. "आटलं असंल."

झाकण लावलेली कळशी दोन दिवसांत आटत नाही, हे मिठागरावरच्या पोरीला कुणी सांगायला नको होतं. पाणी आटायला किती दिवस लागतात, हे तिच्या बापाचं पोट होतं.

तरीही तिनं पुन्हा कळशी नळाखाली धरली. पुन्हा पिवळं पाणी. मत्सर एकदा हाताला लागला की सुटत नाही.

तेव्हाच तिला तो आवाज आला.

पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो, तो नव्हे. त्याच्याही आधीचा. नळाच्या आतून. भिंतीच्या आतून.

घट...

घट...

घट...

कुणीतरी पाणी पीत होतं. मोठ्या घोटांनी. खूप तहानलेलं माणूस पितं तसं.

*

तिसऱ्या वारी हंडे गेले.

सव्वातीनपर्यंत तिनं दोन हंडे, एक पिंप आणि माठ भरून ठेवला. पाय जड झाले म्हणून जरा भिंतीला टेकली. डोळा लागला नव्हता, हे ती आजही शपथेवर सांगते. समोरच्या घरी टीव्हीवर मालिका चालली होती, ती तिला शब्दन् शब्द ऐकू येत होती.

जाहिरात लागली तेव्हा ती उठली.

माठात तांब्या घातला. तांब्या तळाला आपटला.

ठण्ण...

हंडा पाहिला. रिकामा. दुसरा. रिकामा. पिंप... त्यात तिचाच आवाज घुमून परत आला.

जमीन कोरडी. मोरी कोरडी.

घरात घोटभर पाणी नव्हतं. आणि तिला तर पाचव्या महिन्याची तहान. जीभ टाळूला चिकटायला लागली.

ती तशीच आळीच्या तोंडाशी गेली. तिथं गुलशनभाभीचं किराणाचं छोटं दुकान होतं. नवरा खलील दुबईला, दुकान ही एकटी सांभाळायची. तिच्याकडं विकतच्या पाण्याचा बाटला असायचा.

"भाभी, पानी देता?"

"या अल्ला! नळवाल्याची बायको पाणी मागायला आली!" गुलशन हसली. "जगनभाईला सांग, आधी घरातलं काम कर, मग दुनियेचे नळ बसव."

शकूनं तीन पेले एका दमात संपवले. गुलशनचं हसू मावळलं.

"आरामात, शकूबाय. अशी पितेस की भीती वाटते. मालू अशीच प्यायची शेवटी."

शकूच्या हातातला पेला थांबला.

"तुमी ओळखायच्या तिला?"

"ओळखायची म्हणजे? इथंच बसायची, तू उभी आहेस तिथं. इतकी हसमुख पोरगी! आवाज तर काय... लग्नातले धवले म्हणायची तर माझं गिऱ्हाईक सुटे पैसे घ्यायला विसरायचं." गुलशननं उसासा टाकला. "सातवा महिना होता. डोळे असे पिवळे झाले, हळदीसारखे."

"ताप आलेला ना तिला?"

"ताप कसला? कावीळ! पोटुशीला कावीळ झाली की वाचत नाही लवकर. तुला कुणी सांगितलं नाही?"

नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

खरं तर त्याच क्षणी शकूला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण तिच्या मनात आधी काय आलं, ते तिनं पुढं खाली मान घालून कबूल केलं. तिच्या मनात आलं... म्हणजे तीपण पोटुशी होती. म्हणजे हेसुद्धा माझ्या आधी तिचंच.

आणि मग दुसरा विचार. तिला माझं मूल बघवत नाही. म्हणून पाणी पळवते. मला तहानेनं मारणार ती.

त्या दिवसापासून शकू दोन वेळा गुलशनकडून कॅन भरून आणू लागली आणि तेवढंच पिऊ लागली. जगनला काही बोलली नाही. काय बोलणार? तुमची पहिली बायको आपलं पाणी पिते? तो म्हणाला असता, पिऊ दे.

हेच तिला सहन झालं नसतं.

घरात भरलेलं पाणी दर वारी नाहीसं होत होतं. भांडी घासायला ठेवलेली बादली तेवढी राहायची. प्यायचं म्हणून भरलं की गेलं. माठ, हंडा, तांब्या... एकदा तर पेला. तिनं मुद्दाम भरून समोर ठेवला आणि नजर लावून बसली. दारात काळूराम दूधवाल्यानं हाक मारली, तिनं मान वळवली, परत फिरवली.

पेला रिकामा.

काठावर ओल होती. एका ओठाएवढी.

*

मे महिन्याची अठ्ठावीस तारीख. बुधवार.

शकूनं त्या सकाळी ठरवलं. पुरे झालं.

गळ्यातला टाक काढून तिनं जमिनीवर ठेवला. कळशी उचलून दाराबाहेर उपडी घातली. केस घट्ट बांधले, तांब्या घेतला आणि नळापुढं मांडी ठोकली.

"आज पयलं पानी मी पिनार," ती मोठ्यानं म्हणाली. रिकाम्या घरात आवाज घुमला. "तुझ्या घरात येऊन वरीस झालं. भांडी तुझी, चूल तुझी, मानूस तुझा. आज पयला घोट माझा. बघते काय करतेस."

पिवळं असतं, घाण असतं, हे तिच्या ध्यानात नव्हतं का? होतं. पण तिला त्या पाण्याचा घोट नको होता. तिला पहिलेपण हवं होतं. एकदा तरी.

पावणेतीन वाजले.

नळ फुसफुसला नाही.

घट...

तिनं तोटी उघडली.

घट...

पाण्याची एक पिवळी धार आली. तांब्यात बोटभर पाणी जमलं. मग धार बारीक झाली, थरथरली... आणि उलटी फिरली.

होय. उलटी. लोंबणारा थेंब वर चढला. नळाच्या तोंडात गेला.

शकूनं नकळत तिथं तळहात लावला. अजून येतंय का बघायला.

नळानं हात धरला.

तिचा शब्द हाच आहे. "धरला." तळहात नळाच्या तोंडाला चिकटला आणि आत ओढला जाऊ लागला. ती हात सोडवू लागली तशी ओढ वाढली. हाडापर्यंत कळ गेली. पितळेचा नळ गार असतो. पण हा गार नव्हता. तापलेल्या माणसाच्या तोंडासारखा ऊन होता.

दुसऱ्या हातात तांब्या होता. बोटभर पिवळं पाणी.

तिनं काय करावं? आरडाओरडा? नाही. इतकं होऊनही तिनं तांब्या ओठाशी नेला. "तरी पन पिनार!"

तळहाताला असा हिसका बसला, की तांब्या हातातून उडून भिंतीवर आदळला.

आणि त्याच क्षणी दारात जगन उभा होता.

साइटवर सिमेंट आलं नव्हतं, म्हणून तो लवकर परतला होता. दाराबाहेर उपडी कळशी, जमिनीवर टाक, नळाला चिकटलेली बायको. त्यानं कशाकडंच पाहिलं नाही. धावत येऊन तिचे दोन्ही खांदे धरले.

"प्यालीस? शकू, किती प्यालीस?"

हात सुटला.

तळहातावर गोल, जांभळा डाग होता. नळाच्या तोंडाएवढा. आणि त्या गोलाच्या कडेनं बारीक बारीक खुणा... दातांच्या म्हणाव्यात अशा.

"किती प्यालीस?" तो ओरडत होता. तिनं त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं.

"नाय प्याले. तिनं पिऊ दिलं नाय."

'तिनं' म्हणजे कोण, असं जगननं विचारलं नाही.

त्यानं तिचे खांदे सोडले. मग कुदळ घेतली आणि तो बाहेर गेला.

*

संध्याकाळपर्यंत त्यानं घरासमोरची गटाराची कड खणून काढली. आळीतली माणसं गोळा झाली. अवधूत नावाचा शेजारी कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "काय रे जगन, सोनं लागलं काय?"

जगन खणत राहिला. त्यानं स्वतःच्या घराचा पाइप मुख्य लाइनीपासून कापला, तिकडच्या तोंडाला बूच मारलं आणि पाच-सहा हात पाइप उपसून ओढत परसात नेला. त्यावर गोणपाट टाकलं. कुणाला बघू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शकूला डॉक्टरकडं नेलं. रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. पुढं तिला मुलगी झाली, भाविका. धडधाकट. नळ पुन्हा घेतला तो दोन वर्षांनी, रीतसर, रस्ता खणून, दुसऱ्या भिंतीत.

जुना नळ मोरीत तसाच आहे. तो काढायला दोनदा माणूस आला. दोन्ही वेळा पाना फिरला नाही.

त्या तळहाताच्या डागाला काय म्हणायचं, शकूला माहीत नाही. एका शिकलेल्या माणसानं तिला समजावलं, की शेजारीपाजारी मोटर लावतात, लाइनीत पाणी कमी असलं की पाइप उलटा ओढतो, हात चिकटू शकतो. शकूनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि माठातलं पानी कोन ओढतं?"

मालू तहानलेली होती, की शकूवर जळत होती, की तिला वाचवत होती? गुलशनभाभी म्हणते, वाचवलं. तिला मालूची बाजू घ्यायची सवयच आहे. शकूला तेही पूर्ण गोड लागत नाही. वाचवलं असेल तर तिथंही मालूच मोठी ठरली, आणि ही तिच्या उपकारात.

जांभळा डाग फिकट झालाय, गेलेला नाही. मे महिन्यात दुपारी तो ऊन लागतो.

पण हे सगळं नंतरचं. एक गोष्ट शकूनं फार वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

पाइप कापल्यानंतरचा पहिला पाण्याचा वार. तीस मे, शुक्रवार.

जगन कामावर गेला नव्हता. दोघं मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती. आळीत बायकांची गडबड सुरू झाली, हंडे वाजू लागले. ह्यांच्या घरात सगळं गप्प. नळाच्या मागं आता काहीच नव्हतं. भिंतीपलीकडं कापलेलं टोक, आणि त्यापुढं उघडा खड्डा.

पावणेतीन.

घट...

जगननं डोळे मिटले. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

घट...

शकूच्या तोंडून निघून गेलं. "माझ्यामुळं पिते ती. मी तिला घान पानी दिलं. मुद्दाम. सासू नव्हती तवा, कळशी भरून. तुमी तिच्यासाठी झुरता ते मला बघवत नव्हतं. मला मारा, काय करायचं ते करा. पन मी दिलं."

जगननं डोळे उघडले.

"तू एक महिना दिलंस," तो म्हणाला. "मी दोन वरसं दिलं."

शकू त्याच्याकडं वळली.

"मालूच्या बापानं सांगितलेलं, नळ नाय तर पोर नाय. पंधरा दिवसांवर लगीन. परवानगी काढून रस्ता खनायला टाइम नव्हता. मी राती गटारातनं पाइप ओढला. एक जॉइंट कमी पडला, तिथं रबर लावला, वर तार बांधली. म्हटलं, पावसाळा संपला का बदलू." त्यानं तळहातांनी तोंड पुसलं. "पानी पिवळं यायला लागलं तवाच मला समजलं होतं, रबर गेला. बदलायचा म्हंजे गटार उघडायचं. आळी बघनार. नळवाल्याच्या घरचा नळ गटारातला, म्हननार. आज करू, उद्या करू. तिला कावीळ झाली. डॉक्टरनं विचारलं, पानी कुठलं पिता? मी बोललो, विहिरीचं."

नळ थांबला होता. आळीतलं पाणीही थांबल्यासारखं वाटत होतं.

"ती पलंगावर होती. तिनं ऐकलं. माझ्याकडं बघितलं. काय बोलली नाय."

शकूचा हात आपोआप पोटावर गेला.

"आनि मी?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मला का नाय सांगितलं?"

जगननं तिच्याकडं पाहिलं नाही.

"सांगितलं असतं तर तू ऱ्हायली नसतीस. म्हनून... तुला पन पिऊ दिलं."